आडवी रेघ

दुर्भाटच्या पुलाच्या पोटात
वाकूनच चालावं लागतं.
बाहेर जुवारी, आत वटवाघळांचा वास,
आणि डोक्यावरून बस गेली की
डब्यातला चमचा आपोआप वाजतो.

सातव्या खांबाच्या माथ्यावर
मी गुडघे टेकून बसते, बॅटरी दातांत.
बेअरिंगच्या अंगाला एक पितळी पट्टी आहे,
पट्टीवर सुई. तुळई सरकते, सुई ओरखडते.
मे महिन्याच्या दुपारी रासयकडे,
डिसेंबरच्या पहाटे परत दुर्भाटकडे.
वर्षभराची एकच रेघ, करंगळीएवढी,
घासून घासून चकचकीत.
ती मोजायची, वहीत लिहायची, तारीख घालायची.
पगार त्याचाच.

पूल हलतो, असा अर्ज आला होता.
खाली एकेचाळीस सह्या, पहिली सावियो कुलासोंची.
सांध्यावर स्कूटर उडते,
अंड्यांचे दोन ट्रे फुटले,
रात्रभर खडाम् खडाम्, आईला झोप नाही.
सबब फट सिमेंटनं बुजवावी, ही विनंती.

फट बुजवता येते. अर्ध्या दिवसाचं काम.
बाबुसो गावस मिक्सर घेऊन आलाही होता.
मी त्याला म्हटलं, आधी चहा पिऊन ये,
आणि तो येईपर्यंत
फटीत हात घालून बसून राहिले.
खालून नदीचा वारा येत होता, गार.

समजावून सांगणं मला नीट जमत नाही.
सभेत फळ्यावर पूल काढला, खडू मोडला.
म्हटलं, जमीन थरथरते ती भरभर,
एवढा लांब गाळा डुलतो तो सावकाश,
दोघांची लय जुळू द्यायची नसते.
म्हणून त्याला खांबावर बांधलेला नाही,
नुसता ठेवलाय.
म्हणून बैठक रुंद, घसरला तरी पडू नये इतकी,
म्हणून ते तेलाचे दट्टे, हिसका गिळायला.
मागे कुणीतरी जांभई दिली.
"गोंयांत खंय गो भूंयकांप?" कुलासो म्हणाले,
आणि सगळे हसले. मीसुद्धा.

बाबा फेरीबोटीवर होते, याच धक्क्यावर.
पूल झाला आणि त्यांचं काम गेलं.
दोर बांधायला त्यांनीच शिकवलं मला:
भरतीचं माप सोडून बांध.
ताणून बांधलेली होडी
रात्री पाणी चढलं की
आपल्याच दोरानं बुडते.
तेव्हा मला सैल दोर म्हणजे आळस वाटायचा.
हे मी सभेत सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं.

शेवटी फटीत रबराचा पट्टा बसवला,
खडखड जरा मवाळ झाली, बाबुसोचा मिक्सर
शेजारच्या कपेलाच्या पायऱ्यांना कामी आला.

मग ऑगस्टातला एक बुधवार.
बॅटरीच्या उजेडात ती लांब रेघ,
आणि तिला छेदून एक आडवी,
केसासारखी. तीन मिलिमीटर.
गेली होती, परत आली होती,
मधोमध थांबली होती.
ऊन असं आडवं लिहीत नाही.

फोन केला. हो म्हणाले,
पहाटे तीन सतरा, कोयनेच्या बाजूला कुठंतरी, लहानसा.

तीन सतराला कुलासोंची आई
गाढ झोपली होती, महिन्यात पहिल्यांदा.
पोदेर भट्टीत लाकडं सारत होता.
बाबा जागेच होते, उशाशी पाण्याचा तांब्या;
पाणी हललेलं त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना दोन बोटांत दाखवलं, एवढं.
बोटांमधून काहीच दिसत नव्हतं.
"आणि जागा किती सोडलीय?"
"साडेसातशे."
त्यांनी मान हलवली,
आणि माशांचा भाव विचारला.

पट्टी बदलायचा नियम आहे. बदलली नाही.
वहीत एक जादा रकाना आखला,
वर लिहिलं, आडवी.
खाली अजून एकच आकडा.
उरलेलं पान कोरं.